जनाभाऊंचं आधीच गेलेलं गाणं

मी दाबलं, आणि कुठलं दाबलं ते दाबल्यावर कळलं. मोबाईलवर दोन ओळी आल्या होत्या. एक 'सगळ्यांसाठी हटवा' आणि एक 'माझ्यासाठी हटवा'. मला वाटलं, चूक माझी, निस्तरायची पण मलाच, मग माझ्यासाठीच हटवायला पायजे ना? दाबली दुसरी. गाणं हातातल्या मोबाईलमधून गेलं. बाकी सगळ्या ग्रुपच्या मोबाईलमध्ये तसंच राहिलं.

कडेवर पिहू, ती मोबाईल ओढतेय, गॅसवर दूध, आणि समोर हिरामण नाना पेटीवर डोळे मिटून बसलेला, शेवटचा सूर अजून सोडला नव्हता.

"नाना!" मी किंचाळले. "गाणं भाऊंच्या ग्रुपवर गेलं!"

नानानं एक डोळा उघडला. "सुरात गेलं ना?"

आता सांगते, घाबरायचं कारण काय. ते गाणं होतं जनाभाऊ वारले त्याचं. आणि जनाभाऊ, आमच्या भागातले मोठे पुढारी, जिवंत होते. दवाखान्यात होते, पण जिवंत. आणि आमचे हे, म्हणजे पिहूचे पप्पा, त्यांची ड्युटी भाऊंच्याच राहनाळच्या गोदामात. मोबाईल ह्यांचा. हे नाईट करून पडद्यामागं झोपलेले. म्हणजे ग्रुपवर नाव कोणाचं आलं? ह्यांचं. 'संतोष गोदाम' यांनी भाऊंना मारून टाकलं होतं, सकाळी साडेनऊला, पेटीच्या साथीवर.

थांबा, आधी नाना कोण ते सांगायला पायजे, नायतर तुम्हाला वाटेल मी येडी हाय.

आमची चाळ कामतघरला. दोन्ही बाजूला लूम, कापड विणायचे, दिवसरात्र खडखडणारे. हिरामण नाना आमच्या बाजूच्या खोलीत. सगळा जन्म लूमवर गेला, म्हणून कान अर्धे गेले, आणि म्हणून नाना बोलतो ते चाळीच्या टोकापर्यंत जातं. त्याला कानात सांगायची गोष्ट सांगता येत नाय. एकदा माझ्या सासूबद्दल मला हळूच काहीतरी बोल्ला, तर सासू गावाहून फोन करून भांडली. म्हणजे कोणीतरी सांगितलं असेल तिला, पण मला अजून वाटतं तिला थेट ऐकू गेलं.

तर नानाचं येड काय, तो पुढाऱ्यांच्या मरणाची गाणी लिहितो. आता तुम्ही बोलाल, त्यात काय, लय लोक लिहितात. पण बाकीचे पुढारी मेल्यावर लिहितात. नाना आधी लिहितो.

त्याच्याकडं वही हाय. लांबडी, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात आमच्या भागातला एकेक पुढारी मरून पडलाय. चांगले धडधाकट, बुलेटवर फिरतात, हळदीत नाचतात, आणि नानाच्या वहीत कधीचे गेलेले. सरपंचाला तीन कडवी, नगरसेवकाला चार, आमदाराला सहा आणि वर कोरस. पक्ष कुठला का असेना. पक्ष बदलला तर नाना एक ओळ खोडतो, माणूस बदलला तर पान फाडतो.

माणूस आजारी पडला की लोक फळं घेऊन जातात. नाना वही घेऊन जातो. एका माजी सरपंचाचा नुसता गुडघा दुखत होता. नाना जाऊन खाटेजवळ बसला, वही उघडली आणि विचारलं, "शाळेची भिंत तुमच्या टायमाला झाली की आधीच्याच्या?" तर सरपंचाची बायको रडत डॉक्टरकडं धावली, आमच्यापासून काय लपवताय ते सांगा आधी.

मी एकदा विचारलं, "नाना, जित्या माणसाचं कशाला लिहितोस? बरं दिसतं का?"

"तयारी पायजे, बाय," नाना बोल्ला. "माणूस मेला की घाई होते. रडं येतं, माईकवाला घाई करतो, बॉडी उचलायची असते. घाईत माणूस खोटं लिहितो. मेलेल्याला खोटं चिकटवलं तर तो काय उठून पुसणार हाय?"

आणि खरंच, नाना खोटं लिहीत नाय. उलट त्याच्या प्रत्येक गाण्यात एक कडवं तक्रारीचं असतं. त्याला तो उण्याचं कडवं बोलतो. पाणी आणलं, पण पावसाळ्यात गढूळ आणलं. शाळा बांधली, पण मुलींना संडास नाय बांधला. लोक बोलतात, नाना, मयताच्या दिवशी तरी हे सोड. नाना सोडत नाय. "सगळंच गोड लिहिलं की माणूस राहत न्हाय, फोटो होतो." तरी लोक बोलावतात, कारण नाना गायला लागला की कंत्राटदारसुद्धा रडतात.

तर त्या दिवशी. भाऊंना दवाखान्यात नेलं असं कळल्यावर नानानं सकाळीच पेटी माझ्या दारात आणली. चाल विसरतो म्हणून तो मला मोबाईलमध्ये भरून ठेवायला सांगतो. मला भरायचं एकच माहीत, व्हॉट्सॲपवर माईक दाबून धरायचा आणि आईला पाठवायचं. माझी आई गणेशपुरीला असते, तिचा मोबाईल रिकामा असतो. तालुक्यातल्या सगळ्या जित्या पुढाऱ्यांची मरणाची गाणी आईच्या मोबाईलमध्ये हायत. ती कामं करताना भजन समजून लावते.

आईचं नाव नेहमी सगळ्यात वर असतं. मी वाचत बसत नाय, वरचं दाबते. सातवीपर्यंत शिकले, वाचता येतं, पण पोर कडेवर घेऊन नाय येत. नेमकं त्याच टायमाला 'जनाभाऊ परिवार' ग्रुपवर कोणीतरी टाकलं, भाऊंची तब्येत स्थिर हाय, सगळ्यांनी प्रार्थना करा. तो ग्रुप उडी मारून वर आला. मी तोच उघडला. प्रार्थना करा, आणि त्याच्याखाली माझं गाणं.

दार उघडं हाय, चप्पल दारात हाय,
जनाभाऊ आमचा घरात न्हाय.

हटवायला गेले तर काय झालं ते सांगितलंच.

पयला कोणीतरी जोडलेले हात टाकले. मग दुसऱ्यानं. मग भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, रांगच लागली. कोणी विचारलं नाय खरं का खोटं. नानाचं गाणं आलं म्हणजे खरंच असणार! मग एकानं विचारलं, किती वाजता उचलणार? दुसऱ्यानं टाकलं, दुपारी, मोठा मुलगा यायचाय. भाऊंना मुलगा एकच, रुपेशदादा, आणि तो दवाखान्यात भाऊंच्या उशाशी बसलेला.

अर्ध्या तासात नाक्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याकडं भाऊंचा वाढदिवसाचा फोटो तयारच होता. फोटोतला केक काढून टाकला, पण घाईत सुरी राहिली. खाली श्रद्धांजली आणि वर भाऊ हसतायत, हातात सुरी.

आणि मग लूम बंद झाले.

तुम्ही कामतघरला राहिला नसाल तर तुम्हाला नाय कळणार ते. एक बंद झाला, मग बाजूचा, मग पलीकडचा कारखाना, भाऊंना मान म्हणून. पिहू जन्मली तेव्हापासून त्या आवाजात झोपते. आवाज बंद झाला आणि तिनं जे भोकाड पसरलं! समोरच्या कारखान्यातले रहीमचाचा दारात आले, डोळे पुसत बोल्ले, "देखो, बच्ची को भी पता चल गया."

आवाज बंद झाल्यामुळं हेही उठले. "काय झालं? लूम का बंद?"

मी मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकला. का टाकला, मला इचारू नका. तर तो डब्यातच वाजायला लागला. हे माझ्याकडं बघतायत, मी डब्याकडं बघतेय, तांदूळ थरथरतायत.

फोन रुपेशदादांचा होता. रुपेशदादा म्हणजे भाऊंच्या उलट माणूस. भाऊ सगळं हसण्यावारी नेतात, दादा काय हसत नायत. प्रत्येक गोष्ट मोबाईलमध्ये लिहून ठेवतात आणि विसरत नायत. ह्यांनी फोन कानाला लावला, तांदूळ अंगावर सांडले, आणि मला पलीकडचं सगळं ऐकू आलं.

"संतोष, बाबा हितं चहा पितायत. आणि खाली लोक हार घेऊन उभे हायत. ज्यानं गायलं त्याला आण आणि ज्यानं पाठवलं त्याला पण आण."

बस, एवढंच. फोन ठेवला.

हे खाली बसले. "नोकरी गेली," बोल्ले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ह्यांच्या नोकरीवर आमचं घर, पिहूचं दूध, गावच्या म्हाताऱ्यांची औषधं, सगळंच. मला रडायला पण सुचेना.

रिक्षात मी, पिहू, हे आणि नाना. नानानं पांढरा सदरा घातलेला, मांडीवर पेटी. मी बोल्ले, नाना, पेटी कशाला? बोल्ला, "बोलावलंय ना गाणाऱ्याला?" नाक्यावर फ्लेक्स बघून त्यानं हात जोडले. मग सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल असं मला विचारलं, "लोकं रडली का पण?" रिक्षावाला बोल्ला, "मैं रोया ना, चाचा."

दवाखान्यात भाऊ उशाला टेकून बसलेले. नाकात नळी. बाजूला काकी, त्यांची बायको, तोंडाला पदर लावून. रुपेशदादा भिंतीला टेकून. मी दारातच थांबले.

"ये हिरामण," भाऊ बोल्ले. "मेलो ना मी? मग गा आता समोर."

"अहो, शुभ बोला," काकी.

"मेल्यावर मना कुठं ऐकू येणार हाय? सगळ्या गावानं ऐकला, मीच ऐकायचा न्हाय?"

नानानं पेटी मांडली. नर्स धावत आली, तिला भाऊंनीच गप्प बसवलं. नाना गायला. हळू गाता येत नाय त्याला. बाजूच्या वार्डातले पेशंट सलाईनचे दांडे धरून दारात आले. भाऊ डोळे मिटून ऐकत होते, मधेच मान हलवत होते. बरोबर, बरोबर. मग आलं उण्याचं कडवं, आणि ह्यांनी माझा हात दाबला.

रस्ता केलास, नळ दिलास, शाळेला दिलंस छप्पर,
गटाराचं मात्र भाऊ, राहिलं तुझं उत्तर.

भाऊंनी डोळे उघडले.

"गटाराचं खरं हाय," ते बोल्ले. "राहिलं ते. रुपेश, लिव्ह."

रुपेशदादांनी लिहिलं.

मग माझ्याकडं बघितलं. "ही कोण? हिनं पाठवलं? ये गो बाय, घाबरतंस कशाला. तुला शिक्षा हाय. माझ्या खऱ्या दिवशी हे गाणं पुरं व्हायला पायजे. अर्धं राहिलं तर तुझ्या घोवाला गोदामातून काढीन. रुपेश, हे पण लिव्ह."

सगळे हसले. काकी पण हसल्या. नर्स हसली. रुपेशदादा हसले नायत. त्यांनी लिहिलं.

आता तुम्ही बोलाल, मस्करी होती. हे पण तेच बोल्ले घरी. पण मी त्या माणसाला लिहिताना बघितलं ना! त्या दिवसापासून मी नानाच्या घशाची राखण करायला लागले. लोणचं बंद. बर्फाचा गोळा बंद. गाडीवरची पाणीपुरी खाताना पकडलं तर प्लेट हातातून काढून मीच खाल्ली. सकाळी आलं, संध्याकाळी हळदीचं दूध. नाना शिंकला की मी वाफेचं पातेलं घेऊन हजर. नाना कावायचा, "अगो, मी काय मेलोय का एवढी सेवा करायला?"

भाऊ बरे होऊन घरी आले. आणि खरंच आमचं गटार झालं. वरून फरशी टाकून, बंद. चाळीतल्या बायका खूष, मुलं त्याच्यावर क्रिकेट खेळतात. एकटा नाना वही घेऊन तोंड पाडून बसला.

"काय झालं, नाना?"

"कडवं गेलं," बोल्ला. "चांगलं जमलं होतं. छप्पर-उत्तर. आता काय लिहू?"

मग त्यानं नवीन लिहिलं. अंगणवाडीत पाणी गळतं त्याचं. हे भाऊंच्या कानावर गेलं, नानाच्या आवाजात काय लपतंय? भाऊ स्वतः आले बघायला. काठी टेकत, रुपेशदादांना गाडीत बसवून ठेवून. अंगणवाडी बघितली आणि मग नानाच्या खोलीत येऊन बसले. "वाच काय लिवलंस." नानानं वाचलं. पंधरा दिवसांत अंगणवाडीवर नवीन पत्रा.

हे कळल्यावर बाकीच्या पुढाऱ्यांची झोप उडाली. एकेक जण गुपचूप यायला लागला. नाना, माझ्या पानावर काय हाय? एका माजी नगरसेविकेनं वड्यांचा डबा पाठवला, आतमध्ये चिठ्ठी, की ताई विचारतायत, चार कडव्यांची सहा नाय का होणार? नानानं वडे खाल्ले आणि बाहेर येऊन ओरडून सांगितलं, "ताईंना सांग, अजून आमदार झाल्या न्हाईत!" सगळ्या चाळीनं ऐकलं. मी वड्यांवरून भांडले, तळलेलं खाल्लं म्हणून.

पण भाऊ मात्र येतच राहिले. आठवड्याला एकदा, कधी दोनदा. यायचे, नानाच्या खाटेवर बसायचे, "सांग हिरामण, आता काय उणं राहिलं माझ्यात?" चहा मलाच करायला लागायचा. काकींनी साखर बंद केली होती, म्हणून भाऊ मला खुणेनं दोन बोटं दाखवायचे, दोन चमचे, आणि तोंडावर बोट. माझी हालत काय, बघा. साखर घातली तर काकी, नाय घातली तर भाऊ. मी दीड घालायचे.

दोघं काय बोलायचे? काय नाय. जुने लूम, कोणाचा मालक कसा होता, कुठल्या तळ्यात पोहायचे. नाना ओरडायचा, भाऊ हसायचे. मला आठवत नाय त्याच्याआधी नानाच्या खोलीत कोणी चहा प्यायला आलेलं. बायको कधीच गेली. मुलगी सुरतेला, दिवाळीला फोन करते, त्याला ऐकू येत नाय म्हणून लवकर ठेवते. लोक नानाला बोलवायचे ते मयताला. एरवी कोणी दारात उभं पण करायचं नाय, पांढरा सदरा बघून अपशकुन वाटायचा.

एक दिवस मी अंगणवाडीत पिहूचं वजन करायला गेले, तर नाना तिथं. नळ उघडतोय, बंद करतोय. परत उघडतोय. मग पायरीवर उभा राहून पाय आपटून बघतोय, हलते का. खिडकीची कडी ओढून बघतोय.

"नाना, काय शोधतोस?"

"उणं," बोल्ला. "काय सापडत न्हाय गो. सगळं केलं त्यानं."

तोंड असं केलं होतं की जसं काय हरवलंय. आणि मला एकदम कळलं. उणं संपलं तर कडवं संपलं. कडवं संपलं तर भाऊ येणार कशाला? दुसऱ्या दिवशी नानानं भाऊंना सांगितलं, नाक्यावरचा दिवा फार पिवळा हाय. भाऊंनी पण गंभीर तोंड करून सांगितलं, "हो, पिवळा हाय खरा." दोघांना माहीत होतं, मला वाटतं. दिवा तेवढाच पिवळा हाय अजून.

सोमवारी संध्याकाळी भाऊंचा फोन आला, ह्यांच्या मोबाईलवर, मीच उचलला. "हिरामणला सांग, उद्या येतो. नवीन कडवं तयार ठेव बोल." नानानं खोली झाडली. खाटेवर नवीन चादर घातली. सकाळी उठून दाढी केली, सदरा घातला, तो निळा, पांढरा नाय.

आठ वाजता रुपेशदादांचा फोन आला. मी ऐकलं आणि ह्यांना सांगितलं. नानाला कोण सांगणार? तो दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसलेला. शेवटी ओरडूनच सांगायला लागलं, त्याला हळू सांगता येत नाय ना. "नाना, भाऊ गेले." सगळ्या चाळीला कळलं, नानाला सगळ्यात शेवटी.

तो आत गेला आणि पांढरा सदरा घालून आला. पेटी घेतली.

राहनाळला भाऊंच्या बंगल्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. या वेळी हार घेऊन आलेले खरे रडत होते. मधे भाऊ झोपवलेले, टेम्पोवर स्पीकर. कल्याणचा एक गायक पण आलेला, काळा चष्मा, सोबत कीबोर्ड, तयार उभा. पण रुपेशदादा बोल्ले, "आधी नाना. बाबांनी सांगितलेलं." आणि हातात मोबाईल. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. मस्करी होती बोलणारा माणूस!

नानानं पेटी उघडली. चाल वाजवली एकदा. परत वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. तोंड उघडलं आणि काय आलंच नाय. घसा साफ केला. मी आलं दिलं होतं, हळद दिली होती, सगळं केलं होतं हो! चौथ्यांदा चाल. लोक चुळबुळायला लागले. काळा चष्मा पुढं सरकला. रुपेशदादा बघतायत.

आणि माझ्या तोंडातून गाणं सुरू झालं. कसं, मला माहीत नाय. पिहू कडेवर, माईक समोर, आणि मी गातेय, दार उघडं हाय, चप्पल दारात हाय. मी कधी हळदीत पण गायले नव्हते. सूर भलतीकडंच. नानानं माझ्याकडं बघितलं आणि पेटीवरची पट्टी बदलली, माझ्या आवाजाला लागेल अशी. मग जमलं. पयलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं. बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. मला वाटलं, होतंय, होतंय, ह्यांची नोकरी राहतेय.

मग आलं उण्याचं कडवं. आणि मी थांबले. कारण गटार तर झालं होतं, पत्रा झाला होता, आणि नवीन काय लिहिलं ते नानानं मला सांगितलंच नव्हतं. पेटी चालूच. मी नानापुढं माईक धरला.

नाना गायला नाय. भाऊंकडं बघून बोल्ला, लूममध्ये माणूस माणसाशी बोलतो तसा, मोठ्यानं.

"जना, आज येतो बोल्लास ना रं. चादर घातलीय मी नवीन."

स्पीकरवरून गेलं ते सगळ्या राहनाळला. भाऊंना कोणी कधी जना बोल्लेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मग नाना रडायला लागला. त्याचं रडणं पण त्याच्या आवाजासारखंच, हळू येत नाय. माईकमध्ये ते सगळं जात होतं, हजार माणसं, मोबाईल वर झालेले, शूटिंग चाललेली.

दोन कडवी राहिली होती. उण्याच्या पुढची, मला तोंडपाठ. मी गायला लागले असते तर गाणं पुरं झालं असतं. रुपेशदादा समोरच उभे होते.

मी माईकचं बटण खाली केलं. बंद. पिहूला ह्यांच्याकडं दिलं आणि नानाच्या पुढं बसले, माझा पदर आडवा धरून, कोणाला शूटिंग करता येऊ नये असा. गाणं तिथंच राहिलं. मग तो कल्याणवाला गायला, चांगलं गायला, सूर पक्का होता.

रुपेशदादांनी मोबाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मी बघितलं.

आज दुपारी ह्यांना रुपेशदादांचा फोन आला, उद्या दहा वाजता ऑफिसात ये. एवढंच. आवाजावरून काय कळत नाय त्या माणसाचं. हे जेवले, आता शर्टाला इस्त्री करतायत. बाजूच्या खोलीतून पेटीचा आवाज नाय. मी मघाशी चहा नेऊन दिला नानाला, दोन चमचे साखर घालून, तो घेतलाय त्यानं.

दोन कडवी राहिली होती, बघा. दोन मिनटाचं काम. बाकी सगळं तोंडपाठ होतं मला, माईक हातात होता, नोकरी समोर उभी होती आणि बाजूला नाना तसा रडत होता. मी बटण खाली केलं. हे विचारत नायत, पण त्यांच्या पाठीवरून मला कळतं की त्यांना विचारायचंय. तुम्ही सांगा. तुम्ही काय केलं असतं?